गाण्याचे दळण

गाण्यावर लिहिणाऱ्या माणसाला तीन गोष्टी याव्या लागतात. पहिली, मान किंचित तिरपी करून डोळे मिटणे. दुसरी, समेच्या जरा अलीकडे 'वा!' म्हणणे, समेवर म्हटले तर सगळेच म्हणतात, त्यात आपला अधिकार सिद्ध होत नाही. आणि तिसरी, 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो' हे वाक्य. पहिल्या दोन गोष्टी सरावाने येतात, तिसरी वयाने येते. माझ्या जन्मतारखेचा दाखला पाहिलात तर तिसऱ्या विषयात मी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण आहे हे कोणीही मान्य करील. तेव्हा एका ध्वनिमुद्रित संग्रहाचे परीक्षण करायला मी बसलो आहे, याबद्दल वाचकांनी शंका घेऊ नये.

अडचण एवढीच आहे की या संग्रहात 'वा' म्हणायला सम नाही. तबला नाही, पेटी नाही, तानपुरा नाही. शालजोडी पांघरून, अंगठ्या दिसतील अशा बेताने हात पसरलेल्या बुवांचा मुखपृष्ठावर फोटो नाही. मुळात मुखपृष्ठच नाही. आहेत त्या बायका. तीन हजारांवर बायका, हजारांवर गावांतल्या. त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त, आणि ध्वनिमुद्रण सुमारे १२० तासांचे. रोज संध्याकाळी चहा झाल्यावर एक तास ऐकायचे म्हटले तरी चार महिने पुरते. माझ्या माहितीतले कोणतेही बुवा सलग चार महिने गायलेले नाहीत. एकदोन मैफलींत तसे वाटले होते, ती गोष्ट वेगळी.

हा उद्योग केला हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी. प्वातवाँ जन्माने फ्रेंच, पुढे रीतसर भारताचे नागरिक झाले. मुळशीकडच्या डोंगरात गरीब बायाबापड्यांबरोबर काम करता करता १९८० च्या दशकात या दोघांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे १९९० च्या दशकात बर्नार बेल नावाचे आणखी एक फ्रेंच गृहस्थ आले. यांना संगीतही कळत होते आणि संगणकही. एकाच माणसात या दोन गोष्टी सापडणे म्हणजे लग्नाच्या स्थळात सुंदर नि सुगरण दोन्ही मिळण्यासारखे आहे. त्यांनी ध्वनिमुद्रणे केली. प्वातवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या थोड्या थोड्या करून लोकांपुढे मांडल्या. फुकट. त्यामुळे 'पैसे वसूल' हा परीक्षणातला एक हुकमी शब्द माझ्या हातून गेला.

ओव्या गोळा करणे तसे नवे नव्हे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ते केले, सरोजिनी बाबरांनी तर जन्म त्यात घातला. पण तिथे ओवी छापलेली होती. छापलेली ओवी वाचताना ती आपल्याला कविता वाटते. ऐकताना कळते की हे प्रकरण निराळे आहे.

हे निराळेपण सांगायचे तर मला नारायणगडावर जावे लागेल. तिथे माझे आजोळ आहे. अगदी गडावर नव्हे, पायथ्याच्या एका वाडीत. आता गड म्हटल्यावर पुण्याकडच्या वाचकांनी तटबंदी आणि भुयार शोधू नये. आमच्या बीडकडे गड म्हणजे संतांची जागा. नारायणगड, गहिनीनाथगड, भगवानगड. इथे तोफा नाहीत, टाळ आहेत. नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात आणि आषाढीला इथली दिंडी थोरल्या पंढरीला जाते. देवाचे नाव 'नगद' असल्यामुळे इथे उधारीची भक्ती चालत नाही, असे माझे मामा म्हणत. स्वतः त्यांचे किराणा दुकानाचे खाते दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जात असे.

तर या भागात सप्ताह बसला की भिंतीभिंतीवर पत्रक लागते. त्या पत्रकाइतके संगीताचे सविस्तर दस्तऐवज मी दुसरे पाहिलेले नाहीत. काकडा अमुक वाजता, पारायण तमुक वाजता. गायनाचार्य कोण, मृदंगाचार्य कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण; मंडप कोणाचा, माईक कोणाचा, आणि शेवटच्या दिवशी महाप्रसादाची पंगत कोणाची. सगळ्यांची नावे, सगळ्यांपुढे 'ह.भ.प.' फक्त त्या पंगतीच्या भाकरीचे पीठ कोणी दळले त्यांचे नाव नसे. त्या बायका पहाटे तीनला उठून दळत, आणि दळताना गात. म्हणजे काकड्याच्या आधी गावात एक मैफल होऊन गेलेली असे. पत्रकात तिची वेळ कधी छापलेली मी पाहिली नाही.

आणि गंमत पहा. वर व्यासपीठावर जे पारायण चाले ते ज्ञानेश्वरीचे. शके १२१२ चा, म्हणजे इसवी सन १२९० चा ग्रंथ, आणि तो आहे ओवीत. खाली जात्यावर चाले तीही ओवीच. वरची ओवी रेशमी कापडात बांधून ठेवत, डोक्यावर घेऊन मिरवत. खालची ओवी म्हणजे 'बायकांचं आपलं काहीतरी'. थोरली बहीण घरंदाज ठिकाणी पडली आणि धाकटी गरिबाघरी दिली, एवढाच दोघींत फरक. विठोबाला हा फरक मान्य नव्हता हे उघड आहे. तो जनाबाईकडे दळायला बसला अशी कथा आहे, सप्ताहाच्या पत्रकात नाव यावे म्हणून बसला अशी नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनीचे जाते दाखवतात. दिंडीतली बाई तिथे गेली की त्या जात्याचा खुंटा धरून एक फेरा देऊन बघते. पुरुष माणूस लांबून नमस्कार करतो. जाते बघितले की हात जोडायचे की हात लावायचे, यावरून माणसाचे पूर्वायुष्य कळते.

या वाडीत माझ्या थोरल्या मामी राहतात. वय नव्वदीच्या घरात, कान शाबूत, आणि मत तर त्याहून शाबूत. त्यांचा नातू डब्लिनला संगणकाच्या कंपनीत आहे. आयर्लंडला जाऊन आलेली मुले दोन गोष्टी घेऊन येतात: पावसाबद्दलची तक्रार आणि तिथल्या लोकसंगीताचे वेड. गेल्या खेपेला गडावर नवस फेडायला आला तेव्हा त्याने ओसरीवर एक पेरूएवढा स्पीकर ठेवला आणि 'काका, हे ऐकाच' म्हणून 'प्लॅंक्स्टी' नावाच्या मंडळींची १९७३ सालची ध्वनिमुद्रिका लावली. काळ्या वेष्टणाची म्हणून रसिक तिला 'काळी तबकडी'च म्हणतात, असे त्याने सांगितले. सांगताना त्याचा आवाज गाभाऱ्यात बोलल्यासारखा झाला होता.

ध्वनिमुद्रिका उत्तम आहे, यात वाद नाही. चार तरुण: ख्रिस्टी मूर, डोनल लनी, अँडी अर्व्हाइन आणि लीअम ओफ्लिन. यातला एक ग्रीसमधले बुझुकी नावाचे तंतुवाद्य आयरिश गाण्यात वाजवतो. ते वाद्य तिकडे १९६० च्या दशकात आले. परक्या वाद्यावर नाक मुरडण्याची मला सवय आहे, पण आपली पेटी तरी कुठली? तीही फ्रान्सकडची. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे तिला दाराबाहेर उभे केले होते, आणि तेवढ्या काळात गावोगावच्या भजनी मंडळांनी तिला घरची सून करून टाकले. तेव्हा बुझुकीला मी काही बोललो नाही. ओफ्लिन तिकडची पाइप वाजवतो. ही तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली भाता असतो, तो दाबून पिशवीत हवा भरायची, बोटांनी चाल वाजवायची आणि सबंध वेळ खाली एक सूर घुमत ठेवायचा. एवढे सगळे बसून. आमच्या भागातला लोहार हे पाहून खूष होईल.

पहिल्याच गाण्यात एक सरदारीण मऊ पिसांची गादी सोडून फिरस्त्यांबरोबर रानात निघून जाते. नवरा घोड्यावर बसून मागे जातो, पण ती परत यायला नकार देते. गाणे संपते न संपते तोच पाइप एक जुनी चाल उचलते. ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका आंधळ्या वीणावादकाची आहे असे म्हणतात. तिचे आयरिश नाव नातवाने दोनदा उच्चारून दाखवले, दोन्ही वेळा निराळे ऐकू आले. अर्थ मात्र सोपा आहे: 'तुझा हात दे'. गाण्यातून चालीत जाण्याची ती जागा अशी आहे की तिथे परीक्षकाने 'वा' म्हटलेच पाहिजे. मी म्हटले. मामींनी म्हटले नाही. त्या म्हणाल्या,

"ही खाली घरघर कशाची व्हायली रे? जातं हाय का?"

नातू हसला. मी हसलो नाही, कारण एवढे नेमके परीक्षण मला दोन पाने लिहून जमले नसते. खाली न थांबणारा एक सूर, आणि त्याच्यावर गाणे. पाइपची पिशवी, आपल्याकडचा तानपुरा, आणि दोन दगडांची घरघर ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. फरक हा की तानपुऱ्याने पीठ पडत नाही.

"आन नाव काय म्हनलास?"

"तुझा हात दे."

"मंग दळनाचंच गानं की. जड दळन असलं की समोरचीला असंच म्हनावं लागतं, हात दे गं बाई."

नंतर मामींनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो गाण्यावर लिहिणारे फारसे विचारत नाहीत. हे गाणे मुळात कोणाचे? नातवाला ठाऊक होते. ते सरदारणीचे गाणे जॉन रायली नावाच्या एका फिरस्त्याकडून घेतलेले. तिकडे फिरस्त्यांची जमात आहे, आपल्याकडच्या भटक्यांसारखी. आज या गावात, उद्या त्या. टॉम मनली नावाच्या संग्राहकाने त्याची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. रायली १९६९ मध्ये वारला, गरिबीत. तबकडी निघाली १९७३ मध्ये.

"म्हंजे त्याला ऐकायला न्हाई भेटलं," मामी म्हणाल्या, आणि सुपारी कातरू लागल्या.

आता मूळ संग्रहाकडे वळतो. ओवीची घडण अशी: बहुतेक ओव्या दोन ओळींच्या. ओळीच्या शेवटी यमक. मध्ये 'बाई', 'गं', 'माझ्या' असे शब्द पेरलेले. ते छापताना निरर्थक वाटतात, ऐकताना कळते की तेवढ्यात बाई पुढच्या ओळीचा विचार करते आहे आणि एका हाताने जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळा टाकते आहे. चालीला बायका 'गळा' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. राग बुवांचा असतो, चाल संगीत दिग्दर्शकाची असते, गळा ज्याचा त्याचा असतो. एक बाई ओवी उचलते, समोरची ती झेलते. दम कुठे घ्यायचा ते गाणारी ठरवीत नाही. दगड जिथे जड जातो तिथे सूर लांबतो, हलका फिरला की शब्द भराभर येतात. लय धान्यावर अवलंबून. बाजरीची ओवी आणि डाळीची ओवी यांत फरक पडणार हे कोणाही दळणाऱ्या बाईला कळते.

दोष सांगितले नाहीत तर परीक्षणाची फी घेणे बरोबर दिसत नाही, म्हणून सांगतो. पहिला, भावाचे कौतुक फार. भावाचा पटका, भावाची बैलजोडी, भावाची ऐट. दर पाचव्या ओवीला हा गृहस्थ दारात उभा. याच्या निम्म्यानेही नवऱ्याला वाट्याला येत नाही. मला वाटते ते मुद्दाम असावे. दुसरा, एकच गळा चाळीस-चाळीस ओव्यांना चालतो. मैफलीत हे खपले नसते. पण पायलीभर ज्वारी दळायला जितका वेळ लागतो तितका वेळ गाणे पुरले पाहिजे; चाल बदलून ज्वारी कमी होत नाही. तिसरा दोष संग्राहकांचा. त्यांनी ओव्यांना विषय, उपविषय, पोटविषय असे क्रमांक घालून ठेवले आहेत. अभ्यासाला ते फार सोयीचे आहे, पण सासुरवासाचे दुःख तालुका कचेरीतल्या फायलीसारखे क्रमांकाने बाहेर आले की क्षणभर आपण टेबलाच्या पलीकडचे कारकून झाल्यासारखे वाटते. आणि चौथा, ध्वनिमुद्रणात खोकला आहे, कोंबडा आहे, कुठे पोर रडते आहे. हा दोष मी मागे घेतो. पोर रडत नसताना ओवी म्हटली गेली असेल असे मला वाटत नाही.

गुण सांगायला बसलो तर दळण संपायचे नाही. देवाच्या घरातले भांडण ऐकायचे असेल तर या बायकांकडे जावे. विठोबा जनीकडे गेला, तुळशीत रमला, म्हणून रुक्मिणी रुसली. हे त्या अशा सांगतात की शेजारच्या वाड्यातली बातमी वाटावी. कीर्तनात रुक्मिणी म्हणजे आदिमाया. ओवीत ती चुलीशी भांडी आदळते. आणि सीता. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हटल्या आहेत. त्या सुरात गोडवा शोधू नये. रामायण ऐकताना आपल्याला अयोध्या कशी सजली ते सांगतात. गंगूबाईंचा आवाज पोटुशी असताना घराबाहेर काढलेल्या बाईबरोबर रानात चालत राहतो. तिथे परीक्षकाने मान तिरपी केली की तिरपीच राहते.

पण माझ्या मते संग्रहातला सगळ्यांत थोर भाग आमच्या बीड जिल्ह्यातला आहे, आणि हे मी जिल्हाभिमानाने म्हणत नाही. (थोडे म्हणतो.) माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी १९९६ मध्ये ओव्या म्हटल्या, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या. ओवीचा साचा तोच, गळा तोच. पण ज्या जागी भाऊ उभा असायचा तिथे भीमराव येऊन उभे राहिले. घरचा माणूस म्हणून. रमाबाई घरच्या बाई म्हणून. ज्यांना गावच्या देवळाची पायरी बंद होती त्यांना ओवीचा उंबरा कोणी बंद केला नव्हता, आणि त्या उंबऱ्यातून त्यांनी आपला माणूस आत आणला.

आणि इथे या सगळ्या संग्रहाची मला जी खूण पटली ती सांगतो. ओवी कोणाकडे तोंड करून म्हटली आहे ते ऐकावे. माजलगावच्या ओव्या बाहेर तोंड करून म्हटलेल्या आहेत. जगाने ऐकाव्यात म्हणूनच त्या आहेत. बाकीच्या बऱ्याचशा जात्याकडे तोंड करून आहेत. बाई सासूला बोलू शकत नाही, नवऱ्याला बोलू शकत नाही, म्हणून दगडाला सांगते. दगड गरगर फिरत असतो, त्याच्या आवाजात निम्मे शब्द दडतात, उरलेले निम्मे पलीकडच्या खोलीत झोपेचे सोंग घेतलेल्या सगळ्यांना ऐकू जातात, आणि कोणालाही 'तू असं का म्हणालीस?' असे विचारता येत नाही. ती काही म्हणालेलीच नसते. ती दळत असते. बोलण्याची एवढी पक्की सोय एखाद्या वकिलालाही सुचली नसती.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. त्या आयरिश संध्याकाळी नातवाला स्फुरण चढले. त्याने स्पीकर बंद केला, फोन मामींपुढे धरला आणि म्हणाला, "आज्जी, आता तुझी ओवी म्हण. मी भरून घेतो."

मामी म्हणाल्या, "बिनदळनाची ओवी कशी म्हनू? हात मोकळा असला की सबुद येत न्हाई."

जाते घरात आहे, पण ते तुळशीपाशी, पालथ्या कुंडीखाली. गावात पिठाची गिरणी येऊन किती वर्षे झाली ते गिरणीवाल्यालाही आठवत नाही. जाते आता निघते ते फक्त लग्नाआधी हळद दळायला. पाच सवाष्णी खुंट्याला हात लावतात, फोटोग्राफर 'इकडं बघा' म्हणतो, आणि बाकीची हळद दुकानातून येते. तेव्हा मामींनी ओसरीच्या फरशीवर उजव्या हाताची मूठ ठेवली आणि नुसतीच फिरवायला सुरुवात केली. चार-सहा फेरे झाले. मग सूर आला.

पहिल्या ओव्या देवाच्या होत्या. मग भावाची आली. एका दिवाळीला भाऊ न्यायला आला नाही. ती वेशीकडे बघत राहिली, आणि शेवटी तिने विठोबालाच विचारले की तुझ्या बहिणीला तू असे केले असतेस का. ते साल कोणते, भाऊ का आला नाही, कोणी येऊ दिले नाही, हे ओसरीवरच्या वडीलधाऱ्या मंडळींना चांगले ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. मामींनी मूठ थांबवली, फोनकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे नको भरू त्याच्यात. देवाचं हाय तेवढं ठेव."

नातवाने पुसून टाकले. डब्लिनला गेलेला असला तरी पोरगा शहाणा आहे.

आयर्लंडच्या लोकांनी हे कोडे आपल्या परीने सोडवले. तिकडचे गाणे चुलीपासून उठून पबमध्ये गेले, तिथून तबकडीत गेले, आणि तरुणांनी ते उचलले. म्हणून आज डब्लिनच्या पावसात नारायणगडचा मुलगा ते ऐकतो. आपल्या ओवीला पब नाही. असता तरी तीन वाजता उठलेल्या बाईला तिथे कोणी सोडले नसते. भजनाला गड आहे, मंडप आहे, माईक आहे. बायकांची भजनी मंडळेही आता झाली, छान गातात. पण ती देवापुढे गातात, आणि देवापुढे सासूचे नाव घेता येत नाही.

मामींच्या शेजारची एक बाई दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसांचे मिळून एक अवजार, हे गणित आमच्या जिल्ह्याने सोडवले आहे. तिला मी विचारले, फडात गाणे म्हणता का. ती म्हणाली, "वाकून तोडताना दम पुरत न्हाई, दादा. आन गाडी भरताना तर तोंड मिटूनच ठिवावं लागतं, पाचट जातंय." म्हणजे जाते गेले याचे दुःख तिला नाही, नसावेही, पहाटे तीनचे दळण गेले ही चांगलीच गोष्ट झाली. गिरणी ज्याने काढली त्याला बायकांनी मनापासून दुवा दिला असेल. पण जात्याबरोबर ती फिरती, घरघरणारी, काही विचारू न देणारी जागाही गेली. काम उरले, किंबहुना वाढले. कामात बोलायची जागा तेवढी उरली नाही. संग्रहातल्या १२० तासांत गाणी जपली गेली आहेत. ती जागा जपता येत नाही, आणि तसा दावा त्या तिघा संग्राहकांनी केलेलाही नाही.

परीक्षणाच्या शेवटी शिफारस करण्याची पद्धत आहे. माझी शिफारस अशी की हा संग्रह जरूर ऐकावा, पण बुवांची तबकडी ऐकतो तसा ऐकू नये. लोडाला टेकू नये. डोळे मिटू नयेत, 'वा' तर मुळीच म्हणू नये. आपण पलीकडच्या खोलीत झोपेचे सोंग घेऊन पडलो आहोत हे ध्यानात ठेवावे. दमाने, एका वेळी दहा-बारा ओव्या. आणि हाताला काहीतरी काम असावे. कणीक मळावी, शेंगा सोलाव्या, निदान भाजी निवडावी. मोकळ्या हातांनी ऐकले की ओवी नुसती लोककला वाटते. हात गुंतलेले असले की कोणीतरी समोर बसून आपल्याशी बोलते आहे असे वाटते.

ही पद्धत आमच्या घरात फार लोकप्रिय झाली आहे, विशेषतः सौभाग्यवतीत. माझे आतापर्यंत एकोणीस तास ऐकून झाले. त्यात मेथी, शेपू, वालाच्या शेंगा आणि दोन किलो लसूण झाला. फक्त गंगूबाईंची सीता लागली की गवार तशीच हातात राहते, आणि मग आमच्याकडे जेवायला उशीर होतो.